घेराचे गणित

घेरदार कपडा म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे चुण्यांचा परकर येतो. लांबलचक कापड घ्यावे, वर नेफा शिवावा, नाडी ओवून आवळावी, की झाला घेर. पण त्याचा सारा फुगवटा कमरेशी गोळा होतो. चालताना जो स्कर्ट लाटेसारखा पसरतो आणि कमरेशी मात्र एकही चुणी दाखवीत नाही, त्याचे रहस्य वर्तुळात आहे. कला शाखेला आल्यावर गणित सुटले असे समजणाऱ्यांनी एकदा तो घरी बेतून पाहावा.

प्रथम कागद घ्यावा. कापड एकदा कापले की पुन्हा जुळत नाही. वर्तमानपत्राचे मात्र कितीही ताव खळीने चिकटवता येतात. अमेरिकेत एबनेझर बटरिक नावाच्या शिंप्याने १८६३ मध्ये मापवार कागदी नमुने विकायला काढले. आपल्याला नमुना विकत आणण्याचे कारण नाही, कारण या स्कर्टचा नमुना म्हणजे एकात एक अशी दोन वर्तुळे, आणि त्यांचा चतकोर काढला तरी पुरे. कागदाच्या कोपऱ्यावर दोरीचे टोक दाबून धरावे, दुसऱ्या टोकाला पेन्सिल बांधावी.

मधले वर्तुळ कमरेचे. माझ्या धाकट्या बहिणीची कंबर २२ इंच. शाळेतल्या सूत्राने त्रिज्या आली साडेतीन इंच. आई शाळेत गेलेली नाही. तिचा हिशेब असा, की कमरेचा सहावा हिस्सा घ्यावा आणि 'किंचित कमी' करावा. सहावा हिस्सा म्हणजे ३⅔ इंच. तेवढाच धरला तर कंबर २३ इंचांची होते. म्हणजे 'पाय'ची किंमत ३ धरून वरचा सातवा हिस्सा आई हाताच्या अंदाजाने वजा करते!

साडेतीन इंचांवर शिवायचे, कापायचे मात्र तीन इंचांवर. अर्धा इंच शिलाईत जातो. हे विसरून साडेतीनवरच कातर चालवली तर शिलाई चार इंचांवर जाते आणि कंबर होते २५ इंच. त्रिज्येतला अर्धा इंच परिघात तीन इंच होऊन बसतो.

लांबी २६ इंच हवी असेल, तर बाहेरचे वर्तुळ दुमडीच्या अर्ध्या इंचासह ३० इंचांवर येते. कापड आडवे दुमडून कागदाची एक सरळ बाजू घडीवर ठेवावी, दुसरी काठाकडे. काठाकडे शिलाईसाठी अर्धा इंच जास्त सोडावा. असे दोनदा कापले की दोन अर्धवर्तुळे मिळतात. ३६ इंची पन्ह्याचे सव्वातीन मीटर कापड लागते. खर्च परवडत नसेल तर मधली त्रिज्या दुप्पट, म्हणजे सात इंच धरून एकच अर्धवर्तुळ कापावे. पावणेदोन मीटरांत काम होते. रोजच्या वापराला मला हाच बरा वाटतो. कापड वॉइलसारखे मऊ असावे, आणि सुती असल्यास आधी भिजवून वाळवलेले. उभ्या पट्ट्यांचे मात्र घेऊ नये. वर्तुळात त्या एका बाजूला उभ्या तर दुसऱ्या बाजूला आडव्या दिसतात.

बाजूच्या शिलाया, डावीकडे सहा इंचांची फट, पट्टा आणि हूक यांत नवे काही नाही. पट्टा जोडण्यापूर्वी कमरेच्या कडेला बारीक चिरा द्याव्यात, म्हणजे ती सरळ पट्ट्यावर ताणून बसते.

एवढे झाले की स्कर्ट एक रात्र टांगून ठेवावा. वर्तुळात काही भाग उभ्या धाग्यावर येतो, काही आडव्या, तर काही उरेब. उरेब भाग स्वतःच्या वजनाने खाली ओघळतो. सुंदर लाट पडते ती तिथेच, आणि कड वाकडी होते तीही तिथेच. सकाळी स्कर्ट नेसवून जमिनीपासून काठीने सारखे अंतर मोजत खडूने खुणा कराव्यात आणि जास्तीचे कापावे.

दुमड अर्ध्या इंचाचीच हवी. दोन इंच दुमडल्यास कडेचे २५ इंच कापड जास्तीचे उरते आणि त्याच्या सुरकुत्या बाहेरून दिसतात. अर्ध्या इंचाला सहाच इंच उरतात, ते टाक्यांत जिरतात. पूर्ण घेराची कड साडेचार मीटरांहून अधिक भरते. हाताने तुरपाई करणाऱ्याने दोन संध्याकाळी तरी राखून ठेवाव्यात.