साक्षीची पारख

पाठ : १ करिंथ १५:३–८, गलती १:१८–१९, लूक २४:१–११.

प्रभूच्या पुनरुत्थानाविषयी उपदेश चालला असता एखादा श्रोता विचारतो, “तुम्ही ते डोळ्यांनी पाहिले काय?” अशा वेळी कित्येक उपदेशक रागावतात. वास्तविक प्रश्न रास्त आहे. आपण पाहिले नाही; ज्यांनी पाहिल्याचे सांगितले त्यांच्या साक्षीवर आपला भरवसा आहे. तेव्हा बांधाच्या तंट्यात पंच जसे साक्षीदारास तपासून पाहतात, तसे येथेही पाहावे.

१. सांगणे स्वतःचे की ऐकीव? पौल आपणांस झालेले दर्शन स्वतःच सांगतो. पाचशेंहून अधिक बंधूंना प्रभू दिसला असेही तो लिहितो. पण त्या पाचशेंपैकी कोणाचाही स्वतःचा लेख आपणांजवळ नाही. हा भेद श्रोत्यांपासून लपवू नये. मात्र पौलाने केफाकडे पंधरा दिवस राहून, प्रभूचा भाऊ याकोब ह्याचीही भेट घेतली होती. म्हणजे त्याचे ऐकणे वाटेवरचे नव्हे, मुळाजवळचे होते.

२. किती काळाने? वधस्तंभाची घटना इ. स. ३० च्या सुमाराची, व हे पत्र इ. स. ५५ च्या सुमाराचे. मध्ये अवघी पंचवीस वर्षे. त्या पाचशेंपैकी बहुतेक अजून हयात आहेत, असे पौल लिहितो. शंका असेल त्याने विचारावे, असाच ह्याचा अर्थ.

३. सांगणाऱ्यास अडचणीचे ते सांगितले आहे काय? त्या काळी यहूदी लोकांत स्त्रियांच्या साक्षीस फारसे वजन नसे. इतिहासकार योसेफस तर ती घेऊच नये असे लिहितो. तरी चारही शुभवर्तमानांत थडग्याजवळ प्रथम स्त्रियाच जातात, आणि प्रेषितांना त्यांचे बोलणे पोकळ वाटले, हे लूक झाकून ठेवीत नाही. रचलेल्या गोष्टीत असे साक्षीदार कोण निवडील?

४. साक्षी जुळतात काय? मुख्य गोष्ट जुळते. पण स्त्रियांची नावे सर्वत्र सारखी नाहीत. देवदूत कोठे एक, कोठे दोन. शब्दशः एक बोलणाऱ्या साक्षीदारांवर पढविल्याचा संशय येतो, हे खरे. तथापि फरक आहे तेथे फरक आहे असेच म्हणावे.

एवढ्या तपासणीने काय हाती येते? ही साक्ष जुनी आहे, मुळाजवळची आहे, व प्रभू आपणांस दिसला अशी त्या माणसांची खात्री होती. पुढचे पाऊल विश्वासाचे आहे. ते पंचांच्या नियमाने उचलले जात नाही.

आता आपली स्वतःची साक्ष. पूर्वी एका गावी प्रार्थनेनंतर एका मुलाचा ताप उतरला. तिसऱ्या गावी ती गोष्ट पोहोचली तेव्हा मूल मेलेले होते व उठले होते. आम्हांला खरे ठाऊक होते, तरी मंडळीचा आनंद पाहून आम्ही गप्प राहिलो. तेव्हा त्या मुलाचा चुलता सभेत उभा राहिला व म्हणाला, “पोर मेलंच नव्हतं.” त्यानंतर रिकाम्या थडग्याविषयी आम्ही जे बोललो, ते कोणी ऐकले नाही. दोष आमचा होता. ज्या मापाने प्रेषितांची साक्ष मोजावयाची, त्याच मापाने आपलीही मोजावी.

वर्गासाठी प्रश्न : (१) पौलाच्या यादीत त्याने स्वतः पाहिलेले कोणते, व ऐकलेले कोणते? (२) गेल्या महिन्यात आपण सांगितलेल्या गोष्टींपैकी कोणती आपण स्वतः पाहिली होती?