खोक्यावरचे किलोमीटर

पावसाळ्यात मोठा गट घेऊन खिरेश्वरहून हरिश्चंद्रगड चढताना सर्वांत पुढचा आणि सर्वांत मागचा माणूस यांच्यात सहज तासाभराचं अंतर पडतं. एका खेपेस संस्थेने आम्हाला घरगुती वापराचे वॉकी-टॉकी दिले होते. खोक्यावर ‘दहा किलोमीटर’ छापलेलं. पुढची मंडळी टोलार खिंड ओलांडून डोंगराआड गेली आणि सेटमधून नुसती खरखर येऊ लागली. मागे एका मुलीचा पाय मुरगळला होता, तो निरोप शेवटी एका पोराने धावत जाऊन पोचवला. दुपारपर्यंत स्पीकरच्या जाळीतून पाणी शिरून दोन सेट बंदही पडले.

ते दहा किलोमीटर समोरासमोरच्या दोन शिखरांवर उभं राहून मोजायचे असतात. मध्ये कातळाची सोंड आली की महागडा व्यावसायिक सेटही अडतो. परवानामुक्त सेट अर्ध्या वॅटचा, व्यावसायिक साधारण पाच वॅटचा. शक्ती दहापट, पण मोकळ्या जागेतही अंतर फार तर तिप्पट वाढतं. डोंगराआड तेवढंही नाही. म्हणून सेट कुठलाही असो, खिंडीत एक माणूस निरोप पुढे सांगायला उभा ठेवाच.

मग व्यावसायिक सेटला जास्तीचे पैसे कशासाठी मोजायचे? पाण्यासाठी, आवाजासाठी आणि बॅटरीसाठी. आयपी67 दर्जाचा सेट मीटरभर पाण्यात अर्धा तास तग धरतो. वाऱ्या-पावसात समोरचा काय म्हणतोय ते त्यातून ऐकू येतं, आणि उतरलेली बॅटरी जागच्या जागी बदलता येते. सह्याद्रीतल्या पावसात अशा सेटला पर्याय नाही, असं माझं ठाम मत आहे.

पण सांभाळून. भारतात 446.0 ते 446.2 मेगाहर्ट्झ एवढाच पट्टा अशा हातातल्या सेटना परवान्याशिवाय खुला आहे. ऑनलाइन स्वस्तात मिळणारे पाच वॅटचे सेट त्यात बसत नाहीत. ते वापरायला दूरसंचार विभागाचा परवाना लागतो. अशा सेटच्या विक्रीवर केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 2025 मध्ये मार्गदर्शक तत्त्वंही काढली. विक्रेत्याकडून फ्रिक्वेन्सी आणि उपकरण मंजुरीचा कागद मागा. टाळाटाळ झाली तर दुसरं दुकान गाठा. सेटमधल्या ‘प्रायव्हसी कोड’वरही भिस्त ठेवू नका. त्याने इतरांचं बोलणं तुम्हाला ऐकू येत नाही, तुमचं मात्र त्यांना येतं.

आधी दोनच सेट घ्या, ऐन पावसात, तुमच्याच वाटेवर चालवून बघा. गटातल्या प्रत्येकाला बटण दाबून क्षणभर थांबून मगच बोलायला शिकवा, नाहीतर पहिला शब्द हमखास तुटतो.