संगणकावरील रटाळ काम आणि स्वतंत्र सल्लागार

संगणक शिकलेल्या मुला-मुलींनी पुण्याची नाहीतर बेंगळुरूची गाडी धरायची, हे आपल्याकडे जणू ठरूनच गेले आहे. चांगली नोकरी मिळाली तर ती जरूर करावी. परंतु कुपवाडसारख्या ठिकाणी राहून, चार-पाच कारखान्यांची व दुकानांची कामे स्वतंत्रपणे घेऊनही या विद्येवर घर चालते, हे आम्ही अनुभवाने सांगतो. यालाच फ्रीलान्स सल्लागारी म्हणतात. तीत पैशाइतकाच छळणारा शत्रू म्हणजे कंटाळा, आणि त्याविषयी सहसा कोणी बोलत नाही.

प्रोग्राम लिहिण्यात आनंद असतो, पण सल्लागाराचा सगळा दिवस त्यात जात नाही. बॅकअप घ्या, जुना प्रोग्राम थांबवा, नव्या फाइली चढवा, तक्ते बदला, पुन्हा सुरू करा, तपासा. हेच दर आठवड्याला. कुपवाड एमआयडीसीतील एका कारखान्याच्या हजेरी-पगाराचे काम आमच्याकडे होते. प्रत्येक बदलाला अकरा पायऱ्या हाताने कराव्या लागत. एका रात्री एक वाजता, डोळ्यांवर झोप असताना, आमच्याकडून सातवी पायरी राहून गेली. ओव्हरटाइमच्या दराचा नवा तक्ता चढलाच नाही. दुसऱ्या दिवशी पगारचिठ्ठ्या निघाल्या, तेव्हा कामगारांचा ओव्हरटाइम दुपटीऐवजी साध्या दराने धरला होता. चूक आमची होती, पण पैसे त्यांचे गेले. फरक पुढे मिळाला, तरी ज्याला त्याच महिन्यात मुलाची फी भरायची होती, त्याला त्याचा काय उपयोग?

यावरचा उपाय आम्हांला कारखान्यातच दिसला. पत्र्याला भोके पाडायची असतील तर फिटर प्रत्येक पत्र्यावर पट्टी लावून खुणा करीत बसत नाही. तो एकदा जिग बनवतो. मग हजारावे भोकही पहिल्याच जागी पडते. संगणकातील ऑटोमेशन म्हणजे असा जिगच. आम्ही अकरा पायऱ्या आधी कागदावर लिहिल्या, मग त्याच क्रमाने आज्ञांची एक फाइल केली. एक पायरी फसली की पुढची होत नाही, सर्व काम जागेवर थांबते. अर्थात जिगच वाकडा असेल तर हजारही भोके वाकडी पडतात, हे विसरू नये.

ही युक्ती काही आमची नव्हे. अमेरिकेतील बेल लॅब्जमध्ये १९७६ साली स्टुअर्ट फेल्डमन यांनी 'मेक' नावाचे साधन लिहिले. त्यांच्या एका सहकाऱ्याची सकाळ नसलेली चूक शोधण्यात वाया गेली होती. चूक आधीच दुरुस्त झाली होती, फक्त दुरुस्त फाइलवरून प्रोग्राम नव्याने तयार करायचा राहिला होता. म्हणजे आमची सातवी पायरी मोठमोठ्यांचीही राहते! मेक हे काम स्वतः ध्यानात ठेवते.

जिग तपासायचा कसा? आम्ही एक खोटा कामगार नोंदवला आहे. तासाला ८० रुपये, काम १० तास, पैकी २ तास ओव्हरटाइम. हाताने केलेला हिशेब ६४० अधिक ३२०, म्हणजे ९६० रुपये. प्रोग्रामने ८०० म्हटले की नवा बदल कारखान्यापर्यंत पोहोचतच नाही. हल्ली कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने मागाल तो प्रोग्राम लिहून देतात. त्यांनाही आम्ही हीच परीक्षा लावतो, कारण बरोबर उत्तर ९६० हे आधी माणसाला ठाऊक असावे लागते.

आता पैशाची गोष्ट. आमचे बिल तासावर होते. दोन तासांचे काम दहा मिनिटांत होऊ लागले आणि आमचीच कमाई घटली. मालकांनीही सरळ विचारले, "आता काम मशीन करते, मग पैसे कशाचे?" आम्ही म्हटले, "पगार बरोबर निघण्याचे." बरीच घासाघीस होऊन अखेर महिन्याची ठराविक रक्कम ठरली. तासावर बिल करणारा सल्लागार ऑटोमेशन टाळतो, निदान लपवतो. आमच्या मते दोन्ही वाईट. कामावर दर ठरवावा, म्हणजे वाचलेला वेळ आपला राहतो.

हा वेळ म्हणजे चैन नव्हे. बाबासाहेबांनी १९४५ साली गांधीवादावर टीका करताना यंत्रांची बाजू घेतली, ती याच मुद्द्यावर: रोजच्या कष्टातून फुरसत मिळाल्याशिवाय माणसाला सुसंस्कृत जीवन जगता येत नाही, आणि ती फुरसत यंत्रच देऊ शकते. दोष यंत्राचा नसून समाजरचनेचा, असेही त्यांनी मांडले. यंत्राने वाचवलेला वेळ कोणाच्या पदरात पडतो, हा प्रश्न म्हणून आम्हांला बिल लिहितानाही सुटत नाही. आमच्या त्या वेळेत आम्ही अवघड कोडी सोडवतो, नवे शिकतो आणि रात्री झोपतो.

हा व्यवसाय करणाऱ्यांनी करार लेखी करावा व थोडी रक्कम आगाऊ घ्यावी. सेवेची वार्षिक उलाढाल २० लाख रुपयांपुढे गेली की जीएसटीची नोंदणी लागते. आणि आपला जिग गिऱ्हाइकापासून लपवून ठेवू नये. आमच्या आज्ञांच्या फाइलची एक प्रत, प्रत्येक पायरीपुढे मराठीत खुलासा लिहून, त्या कारखान्याच्या कचेरीत ठेवलेली आहे. उद्या आम्ही आजारी पडलो तरी पगार अडणार नाही.