कोष्टकांची सोयरीक

शाळेच्या सहकारी भांडारात हिशेब कसा ठेवतात, ते तुम्ही पाहिले असेल. एका वहीत रोजची विक्री, दुसरीत खरेदी आणि तिसरीत वस्तूंची यादी. संगणकावर व्यवसायाचा अहवाल तयार करताना याच वह्यांची कोष्टके होतात. ही कोष्टके एकमेकांशी कशी जोडावीत, ते आज पाहू.

प्रथम असा प्रश्न येईल, की सगळे एकाच मोठ्या कोष्टकात का लिहू नये? समजा, विक्रीच्या प्रत्येक ओळीत वस्तूचे नाव लिहिले. कोणी ‘कंपासपेटी’ लिहील, कोणी ‘कंपास पेटी’. संगणकाच्या दृष्टीने या दोन निराळ्या वस्तू झाल्या आणि बेरीज दुभंगली! म्हणून वस्तूंचे कोष्टक वेगळे ठेवून प्रत्येक वस्तूस एक क्रमांक देतात आणि विक्रीत फक्त तो क्रमांक लिहितात. वस्तूंच्या कोष्टकात हा क्रमांक एकदाच आला पाहिजे. त्याला ‘प्रायमरी की’ म्हणतात. विक्रीत मात्र तो कितीही वेळा येऊ शकतो. म्हणून हा संबंध ‘एकास अनेक’ या प्रकारचा होय.

नोंदींचे संबंध अशा रीतीने कोष्टकांतील मूल्यांवरूनच जोडावेत, ही कल्पना आयबीएममधील संशोधक एडगर कॉड यांनी १९७० साली एका निबंधात मांडली. या कार्याबद्दल त्यांना १९८१ सालचे ट्युरिंग पारितोषिक मिळाले.

आता खरी मेख पाहा. कंपासपेटीचा क्रमांक १ आहे. तिच्या विक्रीच्या तीन नोंदी आहेत: १०, १५ व ५ नग. खरेदीच्या दोन नोंदी आहेत: २० व २५ नग. म्हणजे खरेदी ४५, विक्री ३० आणि शिल्लक १५.

दोन्ही कोष्टकांत वस्तूचा क्रमांक आहेच, मग विक्री व खरेदी थेट जोडली तर काय होईल? क्रमांक १ असलेली विक्रीची प्रत्येक ओळ खरेदीच्या प्रत्येक ओळीशी जुळेल. ३ × २ = ६ ओळी तयार होतील. त्यांत विक्रीचा प्रत्येक आकडा दोनदा आणि खरेदीचा तीनदा मोजला जाईल. विक्री ६०, खरेदी १३५, शिल्लक ७५! संगणक कोणतीही तक्रार करणार नाही. अहवाल नीटनेटका दिसेल, ७५ नग आहेत असे समजून भांडारप्रमुख नवा माल मागवणार नाहीत आणि सोळाव्या विद्यार्थ्याला रिकाम्या हाताने परत जावे लागेल.

उपाय सोपा आहे. विक्री व खरेदी यांची थेट सोयरीक करू नये. दोघींना वस्तूंच्या कोष्टकाशी ‘एकास अनेक’ संबंधाने जोडावे, प्रत्येकीची वस्तुवार बेरीज स्वतंत्रपणे करावी आणि मगच वजाबाकी करावी. दिवसवार अहवाल हवा असेल, तर तारखांचेही वेगळे कोष्टक करून दोघींना त्याच्याशी जोडावे.

पदार्थविज्ञानात उत्तर आल्यावर आपण मिती तपासतो. तशाच येथेही दोन गोष्टी तपासाव्यात. पहिली, वस्तूंच्या कोष्टकात एखादा क्रमांक दोनदा तर आला नाही ना? दुसरी, विक्रीतील प्रत्येक क्रमांक वस्तूंच्या कोष्टकात आहे ना? नसेल, तर जोडणीच्या पद्धतीनुसार ती विक्री बेरजेतून गळेल किंवा बिननावाच्या ओळीत जाईल. शेवटी, जोडणीपूर्वीची एकूण विक्री आणि अहवालातील एकूण विक्री ताडून पाहावी. दोन्ही सारख्या आल्याच पाहिजेत.

करून पाहा: पेनच्या विक्रीच्या नोंदी १२ व ८ नग. खरेदीच्या तीन नोंदी, प्रत्येकी १० नग. खरी शिल्लक १० आहे. पण थेट जोडणी केल्यास ती शून्य दिसते. असे का होते, ते सहाही ओळी कागदावर मांडून शोधा.