डिस्क भरली, अपडेट अडले : कोणत्या उपायाला किती खर्च?

‘अपडेटसाठी पुरेशी जागा नाही’ असा संदेश लॅपटॉपवर महिनोन्‌महिने दिसत राहतो. मग कोणीतरी सल्ला देते, ‘अपडेट बंदच करून टाका.’ दुकानात विचारले तर ‘विंडोज नवीन टाकावे लागेल’ किंवा ‘आता नवा लॅपटॉपच घ्या’ असे उत्तर मिळते. यांतला पहिला सल्ला धोक्याचा आहे आणि पुढचे दोन बहुतेक वेळा गरजेपेक्षा महाग पडतात. मुलांच्या अभ्यासासाठी किंवा दुकानाच्या हिशेबासाठी घेतलेल्या ३२, ६४ किंवा १२८ जीबीच्या लॅपटॉपवर ही अडचण हमखास येते. उपाय स्वस्तापासून महागाकडे क्रमाने करत गेल्यास बहुतेकांचे काम पहिल्या दोन टप्प्यांतच भागते. तोच क्रम इथे खर्चासह दिला आहे.

रकमा अंदाजपत्रक आखण्यासाठी आहेत. २०२५च्या अखेरपासून मेमरी आणि एसएसडीचे भाव चढे आहेत, त्यामुळे खरेदीच्या दिवशी दोन-तीन ठिकाणी दर विचारूनच पैसे द्या.

आधी मोजमाप

खोक्यावर ३२ जीबी लिहिलेले असले तरी विंडोज ती डिस्क सुमारे २९.८ जीबी दाखवते. ६४ जीबीची डिस्क ५९.६ आणि १२८ची ११९ जीबी दिसते. यात दुकानदाराची फसवणूक नाही. कंपनी हजाराच्या पटीत मोजते आणि विंडोज १०२४च्या पटीत, त्यामुळे आकडा कमी दिसतो.

२०१९च्या १९०३ आवृत्तीपासून विंडोज नव्या संगणकांवर साधारण ७ जीबी जागा अपडेटसाठी आधीच राखून ठेवते. खुद्द विंडोजची जागा आणि ही राखीव जागा वजा केली, की ३२ जीबीच्या लॅपटॉपवर तुमच्या वाट्याला फारच थोडी जागा उरते. म्हणून पहिले काम हिशेबाचे. सेटिंग्ज, सिस्टम, स्टोरेज या क्रमाने जा. कशाने किती जागा व्यापली आहे ते तिथे दिसते. दरमहा येणाऱ्या अपडेटसाठी किमान १० जीबी आणि वर्षातून एकदा येणाऱ्या मोठ्या आवृत्तीसाठी २० जीबी मोकळी जागा असावी, एवढे प्रमाण ठरवून घ्या.

अपडेट बंद का करू नये

१२ मे २०१७ रोजी ‘वॉनाक्राय’ या खंडणीखोर विषाणूने जगभरातले संगणक कुलूपबंद केले. त्याने ज्या त्रुटीचा फायदा घेतला, तिची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने १४ मार्चलाच दिली होती. ती ज्यांनी बसवली नव्हती, त्यांचेच संगणक सापडले. त्याच वर्षी २७ जूनच्या ‘नॉटपेट्या’ हल्ल्यात उरणजवळच्या जेएनपीटी बंदरातल्या एका टर्मिनलचे काम ठप्प झाले. घरच्या लॅपटॉपवर नेट बँकिंग, मुलांच्या गुणपत्रिका, जीएसटीची विवरणपत्रे, घरातल्यांचे फोटो असे सगळे असते. त्यांची किंमत कोणत्याही एसएसडीपेक्षा जास्त आहे.

मासिक अपडेट एकत्रित स्वरूपाचे असते, म्हणजे ताज्या अपडेटमध्ये आधीच्या दुरुस्त्या सामावलेल्या असतात. चार महिने राहून गेले असतील तरी चार वेगवेगळी अपडेट बसवत बसण्याची गरज सहसा नसते. जागा करा आणि ताजे अपडेट घ्या.

टप्पा पहिला : खर्च शून्य

सुरुवात करण्याआधी महत्त्वाच्या फाइलींची एक प्रत दुसरीकडे ठेवा. मग या क्रमाने जा :

१. स्टोरेजमधला ‘टेम्पररी फाइल्स’ हा भाग उघडा. त्यात ‘विंडोज अपडेट क्लीनअप’, ‘डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन फाइल्स’ आणि रिसायकल बिन निवडून काढून टाका. त्याच यादीत ‘डाउनलोड्स’ही असते. तिथे आपली पावती किंवा निकालपत्र नाही, हे पाहिल्याशिवाय त्यावर खूण करू नका.

२. मोठे अपडेट बसल्यावर जुने विंडोज ‘विंडोज डॉट ओल्ड’ या फोल्डरमध्ये राहते आणि कित्येक जीबी व्यापते. दहा दिवसांनी ते आपोआप जाते. नवी आवृत्ती नीट चालते याची खात्री झाली, तर आधीही काढता येते. मात्र ते काढल्यावर जुन्या आवृत्तीकडे परतता येत नाही.

३. ‘स्टोरेज सेन्स’ चालू करा, म्हणजे तात्पुरत्या फाइली ठरावीक काळाने आपोआप निघतील. त्यात डाउनलोड्स आपोआप पुसण्याचा पर्याय बंद आहे ना, ते पाहा.

४. वापरात नसलेली सॉफ्टवेअर काढा. लॅपटॉपसोबत आलेले खेळ आणि मुदत संपलेला अँटिव्हायरस यांतून बरीच जागा सुटते. विंडोजचा स्वतःचा डिफेंडर मोफत आहे आणि दुसरा अँटिव्हायरस काढला की तो आपोआप काम हाती घेतो.

५. वनड्राइव्ह वापरत असाल तर फोल्डरवर उजवी क्लिक करून ‘फ्री अप स्पेस’ निवडा. फाइल ऑनलाइन राहते, नाव डिस्कवर दिसते आणि उघडताना ती नेटवरून येते. यासाठी मायक्रोसॉफ्ट ५ जीबी मोफत देते, तर गूगल आपल्या खात्यावर १५ जीबी.

६. हायबरनेशनची फाइल साधारण रॅमच्या ४० टक्के जागा घेते. ८ जीबी रॅम असेल तर ती तीन जीबीहून मोठी भरते. जाणकाराकडून हायबरनेशन बंद करून घेता येते. मग लॅपटॉप सुरू व्हायला थोडा जास्त वेळ लागतो, पण जागा कायमची सुटते.

एक गोष्ट मात्र करू नका. विंडोजच्या फोल्डरमध्ये शिरून मोठ्या दिसणाऱ्या फाइली हाताने पुसू नका. त्यांतल्या कित्येक फाइली पुढच्या अपडेटसाठी लागतात. एकदा त्या गेल्या की विंडोज नव्याने टाकण्याचा खर्च मागे लागतो.

टप्पा दुसरा : ४०० ते १,५०० रुपये

साफसफाई करूनही १० जीबी होत नसतील तर बाहेरची जागा जोडा.

*पेनड्राइव्ह (६४ जीबी, सुमारे ४०० ते ८०० रुपये)* : मोठ्या आवृत्तीच्या वेळी जागा कमी पडली, तर विंडोज स्वतःच बाहेरचा ड्राइव्ह वापरण्याचा पर्याय देते. त्यासाठी ड्राइव्हवर किमान १० जीबी मोकळी ठेवा. अपडेट पूर्ण झाल्यावरही तो ड्राइव्ह काही दिवस तसाच जपून ठेवा, कारण जुन्या आवृत्तीकडे परतण्यासाठी लागणाऱ्या फाइली त्यावर असू शकतात.

*मायक्रोएसडी कार्ड (१२८ जीबी, सुमारे ८०० ते १,५०० रुपये)* : लॅपटॉपला कार्डाची खाच असेल तर कागदपत्रे, फोटो आणि व्हिडिओ कायमचे कार्डावर न्या. ‘नवा मजकूर कुठे साठवायचा’ हे स्टोरेजच्या सेटिंगमध्येच ठरवता येते. सॉफ्टवेअर मात्र कार्डावर टाकू नका, ते संथ चालते. कार्डावर असलेली एकमेव प्रत म्हणजे बॅकअप नव्हे, हेही लक्षात ठेवा.

*ऑनलाइन जागा* : गूगलची १०० जीबीची योजना महिन्याला १३० रुपयांच्या आसपास आहे. वर्षाला दीड हजार धरा. तीन वर्षांत तेवढ्याच पैशांत एसएसडी येते, म्हणून केवळ जागेसाठी ही योजना घेऊ नका. बॅकअप म्हणून ती उपयोगी आहे.

काहीशे रुपयांत ‘२ टीबी पेनड्राइव्ह’ मिळत असेल तर तो बनावट समजा. असा ड्राइव्ह आकडा मोठा दाखवतो आणि खरी जागा संपली की पुढच्या फाइली खराब करतो.

टप्पा तिसरा : २,५०० ते ५,००० रुपये

डिस्क बदलता येते का, हा इथला पहिला प्रश्न. स्वस्त लॅपटॉपमध्ये ‘ईएमएमसी’ प्रकारची साठवण मदरबोर्डवरच पक्की डकवलेली असते. ती बदलता येत नाही. काही मॉडेलांत मात्र तिच्याजोडीला एम.२ ची रिकामी जागा असते, तिथे नवी एसएसडी बसते. मॉडेल क्रमांक सांगून हे आधी विचारा. जुन्या हार्डडिस्कच्या लॅपटॉपमध्ये अडीच इंची साटा एसएसडी सहसा सहज बसते.

खर्च साधारण असा धरा :

– २५६ जीबी एसएसडी : १,८०० ते ३,५०० रुपये
– बसवण्याची मजुरी : ३०० ते ७०० रुपये
– जुन्या डिस्कवरचे सर्व जसेच्या तसे नव्या डिस्कवर उतरवणे, म्हणजे क्लोनिंग : ५०० ते १,००० रुपये

सुट्या भागांवर आणि दुरुस्तीच्या सेवेवर १८ टक्के जीएसटी असतो. सांगितलेला दर करासह आहे का, ते विचारून घ्या. मुंबईत लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारात सुटा भाग स्वस्त मिळू शकतो. गावातल्या दुकानात थोडे जास्त द्यावे लागले, तरी वॉरंटीची तक्रार तिथेच नेता येते. प्रवासाचा खर्च आणि बुडालेला दिवस धरला तर फरक बहुधा उरत नाही.

लॅपटॉप वॉरंटीत असेल तर तो बाहेर उघडण्याआधी कंपनीच्या सेवा केंद्राला विचारा.

कशासाठी पैसे देऊ नयेत

*विंडोजचा परवाना* : लॅपटॉपसोबत आलेले विंडोज मदरबोर्डशी जोडलेले असते. डिस्क बदलल्यावर तीच आवृत्ती टाकली की इंटरनेट जोडताच ती सहसा पुन्हा सक्रिय होते. ती टाकण्यासाठी मायक्रोसॉफ्टचे ‘मीडिया क्रिएशन टूल’ मोफत आहे आणि ८ जीबीचा पेनड्राइव्ह पुरतो. ‘विंडोजचे वेगळे पैसे’ मागितले तर कारण विचारा. परवाना नसलेली, मोडतोड केलेली प्रत बसवून घेऊ नका. तिच्यावर अपडेटची खात्री नाही आणि तुमच्या पासवर्डचीही नाही.

*‘पीसी क्लीनर’ सॉफ्टवेअर* : ते जे करते ते विंडोजची स्वतःची साधने मोफत करतात.

*अपडेट करून देण्याचे शुल्क* : वर सांगितलेला पहिला टप्पा घरी अर्ध्या तासात होतो.

विंडोज १० की ११?

विंडोज १०चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. घरगुती ग्राहकांसाठी सुरक्षा दुरुस्त्यांची वाढीव मुदत १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची आहे. मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन करून सेटिंग्जचा ऑनलाइन बॅकअप चालू केला, तर ती मोफत मिळते. नाहीतर ३० डॉलरच्या आसपास किंमत आहे. त्यासाठी विंडोज १०ची २२एच२ आवृत्ती लागते. नोंदणीचा दुवा विंडोज अपडेटच्या पानावरच दिसतो, म्हणून कोणा मध्यस्थाला पैसे देऊ नका.

विंडोज ११ साठी किमान ६४ जीबी डिस्क, ४ जीबी रॅम आणि टीपीएम २.० लागते. ३२ जीबीचा लॅपटॉप त्यात बसत नाही. कोणी ‘जुगाड करून’ टाकून देतो म्हणाले तरी नको म्हणा, कारण पुढचे प्रत्येक मोठे अपडेट पुन्हा अडेल.

अशा लॅपटॉपसाठी दोन मोफत वाटा आहेत. क्रोमओएस फ्लेक्सला १६ जीबी डिस्क आणि ४ जीबी रॅम पुरते. ब्राउझर, ईमेल आणि ऑनलाइन अभ्यासासाठी ते चांगले, पण त्यावर अँड्रॉइड ॲप चालत नाहीत. लिनक्स मिंटला किमान २० जीबी डिस्क आणि २ जीबी रॅम लागते. त्यात मराठी इनस्क्रिप्ट कळफलक मिळतो. टॅली किंवा श्रीलिपी यांवर ज्यांचे काम चालते, त्यांनी मात्र विंडोजच ठेवावे.

डेटाचाही हिशेब

मासिक अपडेट काहीशे एमबीपासून एक जीबीच्याही वर जाते आणि मोठी आवृत्ती अनेक जीबींची असते. मोबाइल हॉटस्पॉटवर रोजचा डेटा त्यातच संपतो. वाय-फाय सेटिंगमध्ये हॉटस्पॉटला ‘मीटर्ड कनेक्शन’ ठरवा, म्हणजे बहुतेक अपडेट आपोआप उतरणार नाहीत. मग महिन्यातून एकदा ब्रॉडबँड असलेल्या ठिकाणी अपडेट घ्या. ही अपडेट दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी निघतात, आपल्याकडे ती रात्री येतात. त्या आठवड्याच्या शेवटी वेळ राखून ठेवली तर सवय लागते.

दुकानात जाण्यापूर्वी

– फाइलींची प्रत स्वतः काढा.
– डिस्क एनक्रिप्ट असेल तर बिटलॉकरची रिकव्हरी की लिहून घ्या. ती मायक्रोसॉफ्ट खात्यात मिळते.
– दर, मजुरी आणि कर वेगवेगळे लिहिलेला अंदाज मागा.
– बदललेली जुनी डिस्क परत घ्या, तिच्यावर तुमची माहिती आहे.
– बिलावर एसएसडीचा अनुक्रमांक आणि वॉरंटीची मुदत लिहून घ्या.

कबूल केलेले काम झाले नाही किंवा बिल नाकारले, तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते. त्यानेही भागले नाही तर जिल्हा ग्राहक आयोगाचा मार्ग आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला तिथे शुल्क नाही.

खर्च कुठे थांबवायचा

लॅपटॉप ठीक चालतो आणि फक्त जागा कमी आहे, तर पहिल्या दोन टप्प्यांत १,५०० रुपयांच्या आत काम व्हायला हवे. डिस्क बदलता येत असेल आणि विंडोज ११ची अट पूर्ण होत असेल, तर पाच हजारांपर्यंतचा खर्च वसूल होतो, कारण वेगही वाढतो आणि पुढची काही वर्षे निघतात. साठवण डकवलेली, रॅम २ जीबी आणि बॅटरीही दमलेली असेल, तर त्यावर पाचशेच्या वर एक रुपयाही घालू नका. मोफत लिनक्स टाकून तो मुलांना वाचायला द्या आणि वाचलेले पैसे पुढच्या लॅपटॉपसाठी बाजूला ठेवा. तो लॅपटॉप घेताना किमान २५६ जीबीची, बदलता येणारी एसएसडी आणि ८ जीबी रॅम या दोन अटींवर तडजोड करू नका. सुरुवातीला दोन-तीन हजार जास्त गेले, तरी अपडेटसाठी जागा शोधत बसण्याची वेळ पुन्हा येणार नाही.