युरोपीय संसदेत कायदा वळवायचा तर

इंटरनेटवरच्या हक्कांसाठी झटणाऱ्या एका लहान गटाबरोबर मी ब्रसेल्सला बरीच वर्षं काम केलं. युरोपातल्या मराठी मंडळींना उपयोगी पडावं म्हणून हे अनुभवाचे बोल.

१. सगळ्या ७२० खासदारांच्या मागे लागू नका. विधेयक समितीकडे गेलं की त्याचा अहवाल एका खासदाराकडे सोपवतात. त्याला ‘रॅपोर्तर’ म्हणतात. बाकीचे राजकीय गट आपापला ‘शॅडो’ नेमतात. खरी घासाघीस या मोजक्या लोकांतच होते. त्यांच्या सहायकांशी ओळख वाढवा, कागद बारकाईने तेच वाचतात.

२. गाऱ्हाणं नको, मजकूर न्या. दुरुस्तीचा कागद दोन रकान्यांचा असतो: डावीकडे युरोपीय आयोगाचं मूळ वाक्य, उजवीकडे आपलं, बदललेले शब्द ठळक तिरप्या अक्षरांत, खाली थोडक्यात कारण. पानभर निवेदनाला ‘बघू’ एवढंच उत्तर मिळतं. तोच मुद्दा रकान्यांत बसवून दिला की सहायक पेन काढतो आणि विचारतो, ‘हा शब्द वगळला तर चालेल का?’ बोलणी तिथून सुरू होतात. कुठला शब्द सोडायचा आणि कुठल्यासाठी अडून बसायचं, हे मात्र घरूनच ठरवून जावं.

३. लवकर पोचा. विधेयक मांडण्याचा अधिकार संसदेला नाही, आयोगाला आहे. आयोग जाहीर सूचना मागवतो, तेव्हाच लिहा.

४. रस्त्यावर उतरण्याचीही वेळ असते. ‘अ‍ॅक्टा’ या बनावट माल आणि कॉपीराइटभंग रोखण्यासाठीच्या आंतरराष्ट्रीय करारात संसदेला काना-मात्राही बदलता येत नव्हता. स्वीकारा किंवा फेटाळा, एवढंच. अशा वेळी मोर्चा नेमका लागू पडतो. २०१२च्या ऐन हिवाळ्यात पोलंडपासून जर्मनीपर्यंत तरुण रस्त्यावर आले आणि ४ जुलैला करार ४७८ विरुद्ध ३९ मतांनी पडला. कलमागणिक भांडायचं असेल तिथे नुसत्या घोषणांनी भागत नाही.

५. एकेक मत मोजा. २६ मार्च २०१९, स्ट्रासबर्ग. कॉपीराइट निर्देशावर दुरुस्त्या मतास घ्याव्यात, हा प्रस्ताव ३१२ विरुद्ध ३१७ असा पडला. काही खासदारांनी नंतर नोंदवलं की बटण चुकलं. नोंद सुधारते, निकाल बदलत नाही. म्हणून मतदानाआधी प्रत्येक गटाच्या मतयादीत आपली दुरुस्ती कुठल्या क्रमांकावर आहे, हे आपल्या बाजूच्या खासदारांना पुन्हा सांगा.

६. संसदेच्या मतानंतर घरी जाऊ नका. पुढे संसद, मंत्रिपरिषद आणि आयोग यांची त्रिपक्षीय बोलणी बंद दाराआड चालतात, आणि कमावलेलं कलम तिथेच हातचं जातं. त्या काळात आपापल्या देशाच्या मंत्रालयाकडे पाठपुरावा ठेवा.

७. मत नसलं तरी हक्क आहे. युरोपीय संघाच्या कुठल्याही देशात राहणाऱ्याला, नागरिकत्व नसलं तरी, संघाच्या अखत्यारीतल्या आणि स्वतःशी थेट संबंध असलेल्या विषयावर संसदेकडे याचिका करता येते. म्युनिक, आइंडहोवन, डब्लिनमध्ये राहणाऱ्या आपल्या लोकांनी हा हक्क जरूर वापरावा.