पत्ता कोणाचा, सही कोणाची

राजेगाव. बाघ नदीच्या अलीकडे बालाघाट जिल्हा, पलीकडे गोंदिया. वाणिज्य शाखेत शिकणारी पुतणी आणि तिचे काका यांच्यातलं हे बोलणं.

पुतणी : काका, अमेरिकेत खेळाडूंच्या चित्रांचे पत्ते लाखो रुपयांना विकले जातात. ते छापायचं लायसन एका कंपनीकडून दुसरीकडे गेलं तर एवढी खळबळ कशाला? कागद तोच, खेळाडू तोच.

काका : बिडीला लागणारी तेंदूची पानंही तीच आहेत की. झाड बदललं नाही, तोडणारे हात बदलले नाहीत. पण मध्य प्रदेशच्या १९६४ च्या कायद्यानं पानांचा व्यापार सरकारकडे गेला आणि पैशाची वाटच बदलली. पुढे सहकारी समित्या आल्या, तेव्हा नफ्यातला वाटा बोनस म्हणून तोडणाऱ्याच्या हाती पडू लागला. नदीपलीकडे गोंदिया-गडचिरोलीत वनहक्क कायद्याच्या जोरावर कितीतरी ग्रामसभा आता आपला तेंदूपत्ता आपणच विकतात. विक्रीच्या कागदावर सही कोणाची, यावरून पैसा कुठे मुरणार ते ठरतं. खेळाडूंच्या पत्त्यांचंही गणित हेच आहे. टॉप्स ही कंपनी १९५० च्या दशकापासून बेसबॉलचे पत्ते काढत होती. ऑगस्ट २०२१ मध्ये बेसबॉलच्या लीगनं आणि खेळाडूंच्या संघटनेनं, दोघांनीही, पुढचं लायसन फॅनॅटिक्स या कंपनीला देऊन टाकलं. टॉप्स त्या वेळी सुमारे १३० कोटी डॉलर किमतीच्या विलीनीकरणातून शेअर बाजारात उतरणार होती. तो सौदा तिथेच मोडला. जानेवारी २०२२ मध्ये फॅनॅटिक्सनंच टॉप्सचा पत्त्यांचा धंदा साधारण ५० कोटी डॉलरना घेतला. १३० कोटींत टॉप्सचा गोळ्या-चुइंगमचा धंदाही धरलेला होता, म्हणून दोन्ही आकडे थेट शेजारी ठेवू नकोस. तरी छापखाना, नाव, सत्तर वर्षांचा लौकिक सगळं जागेवर असताना नुसती सही हुकल्यानं काय होतं ते दिसतंच.

पुतणी : मग लायसन एकालाच का द्यायचं? चार-पाच जणांना दिलं तर चढाओढ होईल, गिऱ्हाइकाचा फायदा होईल.

काका : तेही करून झालं आहे. टॉप्सची मक्तेदारी कोर्टाच्या १९८० च्या एका निकालानं सैल झाली आणि १९८१ मध्ये फ्लीअर आणि डॉनरस या कंपन्या बाजारात आल्या. वरच्या कोर्टानं तो निकाल फिरवला, पण दार एकदा उघडलं ते उघडलंच. १९८९ मध्ये अपर डेक आली. लायसनं वाढली तशी छपाई वाढली आणि त्या काळातले पत्ते इतके निघाले की लोकांनी माळ्यावर जपून ठेवलेली खोकी आज रद्दीच्या थोडीच वर आहेत. सगळा दोष चढाओढीचा नव्हता. किती छापायचं याला कुणीच बांधलेलं नव्हतं. उलट टोकाला, सगळी लायसनं एकाच हाती गेली की काय होतं त्याची तक्रारही झाली आहे. पत्ते काढणाऱ्या पॅनिनी या कंपनीनं ऑगस्ट २०२३ मध्ये फॅनॅटिक्सवर मक्तेदारीचा दावा लावला, फॅनॅटिक्सनंही उलट दावा ठोकला. दरम्यान एनबीए या बास्केटबॉल लीगचे अधिकृत पत्ते पॅनिनीकडून टॉप्सच्या नावाकडे गेले. म्हणून लायसनं किती, या प्रश्नाइतकाच लायसनात काय लिहिलंय हा प्रश्न मोठा आहे. पत्ता घेणारा कागदाचे पैसे देत नाही. ‘असे इतकेच निघाले, यापुढे निघणार नाहीत’ या शब्दाचे देतो, आणि तो शब्द पाळायला लावायची ताकद लायसन देणाऱ्याच्या हातात असते.

पुतणी : हे तिकडचं झालं. आपल्याकडे ‘बिग फन’ बबलगमबरोबर चित्रं यायची, नंतर टॉप्सचे आयपीएलवाले ‘क्रिकेट अटॅक्स’ आले. ते पोरांच्या खिशातच राहिले, बाजार झालाच नाही. आणि आता तर कोर्टानंच सांगितलंय ना, की खेळाडूचं नाव आणि आकडे कोणीही वापरावेत? मग लायसनला किंमत काय उरली?

काका : तुझा आक्षेप वजनदार आहे. रारिओ नावाच्या मंचानं क्रिकेटपटूंशी करार करून त्यांचे डिजिटल पत्ते विकायला काढले. स्ट्रायकर या दुसऱ्या मंचानं करार न करता खेळाडूंची नावं, त्यांची काढलेली चित्रं आणि आकडेवारी घेऊन आपले पत्ते काढले. रारिओ दिल्ली उच्च न्यायालयात गेली. बरोबर मोहम्मद सिराज, अर्शदीप सिंग, हर्षल पटेल असे पाच खेळाडूही होते. २६ एप्रिल २०२३ ला न्यायमूर्ती अमित बन्सल यांनी अंतरिम मनाई नाकारली. जी माहिती आधीच चव्हाट्यावर आहे तिचा वापर घटनेच्या कलम १९(१)(क) मधल्या अभिव्यक्तिस्वातंत्र्यात बसतो, असं त्यांनी म्हटलं. पण या आदेशानं दिलं काय? नाव, आकडे, हातानं काढलेलं चित्र. संघाचा लोगो आणि जर्सी दिली नाही, खेळाडूची पत्त्यावरची स्वाक्षरी दिली नाही, आणि ‘खेळाडू आमच्या पाठीशी आहे’ असं भासवायची मुभा तर मुळीच दिली नाही. अमेरिकेत पॅनिनीनं बेसबॉलचे पत्ते काढले तेव्हा तिच्याकडे खेळाडू-संघटनेचं लायसन होतं, लीगचं नव्हतं. म्हणून खेळाडूंच्या टोप्यांवरून आणि छातीवरून संघाचं चिन्ह पुसावं लागलं. चेहरा ओळखीचा, पण पत्ता अर्धवट. आपल्याकडे आदेशानंतर अर्धवट पत्ता कुणालाही काढता येईल. अशा खुल्या बाजारात पुरा पत्ता उलट जास्त उठून दिसतो.

पुतणी : मग पुरा पत्ता आपल्याकडे रुजला का नाही?

काका : कारण खेळाडूंच्या बाजूनं सही करणारं कोणी नाही. बेसबॉलमध्येही एकेकाळी टॉप्स एकेका खेळाडूला गाठून पाच डॉलरवर सही घेई आणि वर्षाला १२५ डॉलर देई. मार्विन मिलर यांनी संघटना हाती घेतली, खेळाडूंना नव्या सह्या थांबवायला सांगितलं, आणि १९६८ मध्ये टॉप्सला वार्षिक रक्कम दुप्पट करून विक्रीवर ८ ते १० टक्के रॉयल्टी कबूल करावी लागली. त्याच संघटनेला २०२१ च्या सौद्यात नव्या कंपनीत भागीदारीही मिळाली. भारतात २००२ च्या चॅम्पियन्स ट्रॉफीच्या वेळी आयसीसीचे प्रायोजक आणि खेळाडूंचे वैयक्तिक प्रायोजक यांच्यावरून मोठं भांडण झालं. गांगुली, तेंडुलकर यांसारखे खेळाडू आयसीसीच्या अटींवर सही करायला तयार नव्हते. भांडण मुळात चेहऱ्याच्या मालकीचंच होतं. त्या सुमारास खेळाडूंची एक संघटना निघाली, पण मान्यता न मिळाल्यानं टिकली नाही. क्रिकेट मंडळाबाबतच्या लोढा समितीच्या सुधारणांनंतर २०१९ मध्ये जी संघटना झाली ती निवृत्त खेळाडूंची. आज मैदानात असणाऱ्यांच्या वतीनं एकगठ्ठा सही करणारं कोणी नाही.

पुतणी : पण मोठा खेळाडू कशाला सामील होईल? तेंडुलकरनं १९९५ मध्ये वर्ल्डटेल या कंपनीशी स्वतंत्र करार करून कोट्यवधी मिळवलेच की.

काका : बरोबर, आणि त्याला तसं करायचा हक्कही होता. बेसबॉलचा तारा बॅरी बाँड्स २००३ मध्ये संघटनेच्या लायसनमधून बाहेर पडला, म्हणून संच काही निघायचा थांबला नाही. उलटं मात्र होत नाही. अकरांतला एक तारा देऊन उरलेले दहा गाळले, तर तो जाहिरातीचा फोटो झाला, पत्त्यांचा संच नव्हे. संग्राहक रिकामी जागा भरायला पाकिटं फोडतो. रिकाम्या जागाच नसतील तर तो फोडणार काय? बेसबॉलच्या संघटनेत लायसनचा पैसा खेळाडू किती दिवस संघात होता त्या हिशेबानं वाटतात, तारा आहे की नाही हे बघत नाहीत. मला आपल्याकडे खरा बदल अशा वाटपातून होईल असं वाटतं. तेंदूच्या फडावर ज्याची एकच गड्डी असते त्याचीही नोंद होते, तसं.

पुतणी : आणि उद्या एखाद्या कंपनीला विदर्भाच्या रणजी संघाचे पत्ते काढावेसे वाटले तर? तीन वेळा रणजी करंडक जिंकलाय त्यांनी.

काका : तर चिन्हासाठी क्रिकेट संघटनेकडे जावं लागेल, आणि चेहऱ्यांसाठी पंधरा जणांकडे पंधरा वेळा. त्यातल्या दोघा-तिघांचे एजंट असतील, ते भाव सांगतील. बाकीच्यांना कोणी विचारायलाच येणार नाही.